अण्णांची दहावी आणि माझी

समांतर या शब्दाशी माझी ओळख शाळेत झाली नाही. ती आमच्या घराच्या ओट्यावर झाली, आणि मराठीत नाही, उर्दूत झाली. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते निजामाच्या राज्यात शाळेत गेले होते. तेव्हा आमच्या भागात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून होई, मग पोरगा कुणब्याचा असो की पिंजाऱ्याचा. त्यामुळे अण्णांचं गणित सगळं उर्दूत. त्रिकोणाला ते मुसल्लस म्हणत, कोनाला जाविया म्हणत आणि समांतर रेषांना मुतवाजी खत. खत म्हणजे आमच्याकडे उकिरड्यावरचं, गाडीत भरून रानात न्यायचं. म्हणून लहानपणी मला वाटायचं, मुतवाजी खत हा त्यातलाच काहीतरी उंची प्रकार असणार आणि तो मोसंबीच्या बागेला घालत असणार.

अण्णांची शाळा मध्येच तुटली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शाळा काही दिवस बंद राहिली आणि उघडली तेव्हा पुस्तकं बदलली होती. अण्णा घरी आले ते आजोबांनी त्यांना बैलांमागे लावलं. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. फक्त कधीमधी, वखराची पाळी घालून झाल्यावर बांधावर बसले की ते काडीनं मातीत आकृत्या काढत, आणि कोणी आलं की पायानं पुसून टाकत.

आमचं गाव वडीगोद्रीपासून चालत जाण्याजोगं. घर दगडमातीचं, पुढं ओटा, ओट्याला लागून युसूफचाचांचा ओटा. युसूफचाचा पिंजारी. हिवाळा तोंडावर आला की त्यांच्या घरातून कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज दिवसभर येई, एकसारखा, तुंई तुंई असा, आणि कापसाचे तंतू उडत उडत आमच्या पिठाच्या परातीपर्यंत यायचे. आई ते वेचून काढत भाकरी थापायची. आमच्याकडं ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडईचं तेल. त्यांच्याकडं शुक्रवारी खिचडी आणि चिंचेचा खट्टा. चाचांची रशीदा माझ्याच वर्गात. शुक्रवारी मी तिच्या ताटात जेवायची आणि बाकीचे दिवस ती माझ्या. तिच्या घरी उर्दू, माझ्या घरी मराठी, आणि दोन ओट्यांच्या मधे जी काही बोली चालायची तिला आजही मला नाव देता येत नाही.

आता मी जालन्यात राहते, मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या काळात पोरांनी मला समांतर या शब्दाचे किती अर्थ विचारले असतील. भूमितीत समांतर रेषा, वर्तमानपत्रात समांतर आरक्षण, समांतर सिनेमा, शहराला पाणी आणणारी समांतर पाइपलाइन. परवा नातू सांगत होता की त्याच्या शाळेत बल्बही समांतर जोडणीनं लावतात, म्हणजे एक गेला तरी दुसरा जळत राहतो. मी त्याला म्हटलं, हा अर्थ मला ठाऊक नव्हता, पण आवडला.

तर भूमिती. आठवीपर्यंत मी आणि रशीदा दोघीही कशाबशा तरलो. नववीत प्रमेयं आली आणि आम्ही बुडायला लागलो. सर चांगले होते, पण फळ्यावर लिहायचे, पुसायचे आणि पुढं जायचे. एका संध्याकाळी मी ओट्यावर पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं पाठ करत होते, दोन समांतर रेषांना एका छेदिकेने छेदले असता, दोन समांतर रेषांना एका छेदिकेने छेदले असता. अण्णा बैलांना पाणी पाजून आले, हातपाय धुतले, आणि माझ्या मागं उभे राहून पुस्तकातली आकृती बघत राहिले.

"हे तर मुतवाजी हाय," ते म्हणाले. "पाठ काय करून राह्यली? हे बघायचं असतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि रशीदाला रानात नेलं. रब्बीची पेरणी नुकतीच झाली होती आणि ज्वारी बोटभर वर आली होती. तिफणीला तीन फण असतात, त्यामुळे पेर नेहमी ओळींनी उगवते. त्या ओळींना आम्ही काकऱ्या म्हणतो. अण्णांनी एका काकरीत मला उभं केलं, शेजारच्या काकरीत रशीदाला, आणि म्हणाले, आता चला. आम्ही थेट दुसऱ्या बांधापर्यंत चालत गेलो. "जवळ आल्या का?" त्यांनी लांबून विचारलं. न्हाई, आम्ही म्हणालो. "दूर गेल्या का?" न्हाई. मग त्यांनी नाडा, म्हणजे गाडीचा जाड दोर, घेऊन आमच्या दोघींच्या पायातून तिरपा धरला, आणि माझ्याजवळचा कोन आणि रशीदाजवळचा कोन दाखवला. "हा जाविया न् तो जाविया, बराबर एक. कामून? तर तुम्ही दोघी एका चालीनं चालल्या म्हणून." ते प्रमेय मी आयुष्यात पुन्हा पाठ केलं नाही.

त्या वर्षी आम्ही दोघी भूमितीत पास झालो आणि दहावीत गेलो. गावातल्या कुठल्याच मुलीनं तोवर दहावीची परीक्षा दिली नव्हती. शाळा वडीगोद्रीला होती तिथवर ठीक होतं, घोळक्यानं जायचं, घोळक्यानं यायचं. परीक्षेचं केंद्र मात्र अंबडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना मोठ्या बापूंनी विषय काढला. मोठे बापू म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. आजोबांच्या माघारी घरात त्यांचा शब्द चालायचा. वाईट माणूस नव्हता. माझ्यासाठी बाजारातून रिबिनी आणायचे. पण त्यांचं म्हणणं असं, की परीक्षा आठवडाभर चालणार, पोरीला रोज मोटारीनं अंबडला पाठवायचं, परक्या शाळेत बसवायचं, आणि तिच्यासंगं जायला घरात रिकामा माणूस कोण? सुगीचे दिवस. "नववी झाली तेवढी बस झाली," ते म्हणाले. "सोयरीक बघू."

आई ताटात वाढता वाढता थांबली. अण्णांनी भाकरी कुस्करली. मग म्हणाले, "संगं कोण जाईल हाच सवाल हाय ना, बापू?"

"हाच."

"मंग मी बसतो परीक्षेला."

"कशाला बसतो?"

"दहावीच्या. सतरा नंबरचा फॉर्म असतोय बाहेरून बसणाऱ्यांचा. तिचा बी पेपर, माझा बी पेपर. दोघं जाऊ, दोघं येऊ."

मोठ्या बापूंना वाटलं थट्टा चालली आहे. ते हसले, आणि अण्णा हसत नाहीत हे बघून हसायचे थांबले. "पन्नाशीला आलास तू," ते म्हणाले. अण्णा म्हणाले, "व्हय. म्हणूनच आता जल्दी पायजे." युसूफचाचांना हे भिंतीपलीकडून ऐकू गेलं असणार, कारण हात पुसत ते ओट्यावर आले आणि बाहेरूनच म्हणाले, "कुसुम जारई तो रशीदा बी जाएगी. अण्णा हैं तो मेरेकू क्या फिकर." मोठ्या बापूंनी पुढचा घास मोडला. एक वाक्य बोलून अण्णांनी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं आणि त्यांचा मानही राखला होता.

गाव मात्र हसलं. न्हाव्याच्या दुकानात, पारावर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडं हीच गोष्ट. अण्णा रस्त्यानं चालले की कोणीतरी विचारायचं, "काय विद्यार्थी, अभ्यास झाला का?" अण्णा थांबून खरंखुरं उत्तर द्यायचे, "बीजगणित झालं, इतिहास राह्यलाय." असं दोन-चार वेळा झालं की विचारणाऱ्याचीच गंमत जायची. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी आम्ही तिघं ओट्यावर बसायचो. भूमिती ते आम्हाला शिकवायचे, इंग्रजी आम्ही त्यांना. इंग्रजी त्यांच्या जिभेवर बसता बसेना. आई चुलीपाशी असायची, पण तिचं लक्ष इकडं. गुरांचं, शेणाचं, पाण्याचं, सगळं काम त्या वर्षी तिनं आमच्या वाट्याचंही ओढलं. एकदा मी दोन लढायांचा क्रम चुकवला तर ती आतूनच म्हणाली, "काल तू उलटं म्हणून राह्यल्ती." मी पुस्तक बघितलं. तिचं बरोबर होतं.

आणि मराठी. अण्णांची मायबोली मराठी, पण लिहायची सवय नव्हती. निबंध लिहायला बसले की त्यांचं पहिलंच वाक्य पानभर चालायचं, त्यात आणि, व, तसेच, सबब असं सगळं यायचं, आणि शेवटी कोण काय करतं आहे तेच समजेना. आमच्या मराठीच्या सरांनी त्याच सुमारास वर्गात सांगितलं होतं की रेषाच नाही, वाक्यंही समांतर असतात. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या असतील तर दोन्ही एकाच घडणीत मांडा, पहिल्यात क्रियापद जिथं तिथंच दुसऱ्यात ठेवा, वाचणाऱ्याला फरकही लख्ख दिसतो आणि सारखेपणाही. मी हे अण्णांना सांगितलं तर ते गोंधळले. "वाक्य कसं मुतवाजी राहील? वाक्य काय रेघ हाय?"

"तुम्ही बापूंना काय म्हणाल्ते," मी म्हटलं, "दोघं जाऊ, दोघं येऊ. ते काय होतं?"

त्यांनी ओठातल्या ओठात ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. "हे बोलणं झालं," ते म्हणाले. "असं लिहिलेलं चालतंय?" मी म्हटलं, असंच लिहायचं असतं. त्या दिवसापासून त्यांचा निबंध सुधारला. ते आधी मोठ्यानं बोलायचे आणि मग बोललेलं लिहायचे. पुढं सगळं आयुष्य मी मुलांना निबंध शिकवला तो याच एका रीतीनं. माझ्या शिकवण्याचं कोणी कौतुक केलं की मला तो ओटा आठवतो, आणि खरं सांगायचं तर छाती थोडी फुगतेच.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी आईनं धपाटे बांधून दिले. अण्णांनी धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, टोपी, खिशाला दोन पेनं. वडीगोद्रीला मोटार भरून आली होती. कंडक्टरनं विचारलं, पाव्हणे कुठं, तर अण्णा म्हणाले, "तीन द्या अंबड. तिन्ही परीक्षेवाले." केंद्राच्या फाटकाशी ही गर्दी. शिपाई आडवा हात धरून उभा होता आणि एकसारखं ओरडत होता, पालकांनी बाहेर थांबा, पालकांनी बाहेर थांबा. मी आणि रशीदा आत गेलो. अण्णांच्या छातीला त्याचा हात लागला.

"आजोबा, तुम्ही झाडाखाली बसा. पेपर सुटला की पोरी येतील."

अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्रवेशपत्र काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं फोटो बघितला, तोंड बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मागची पोरं हसायला लागली. एक म्हणाला, आता पणजोबा बी येतील. मला जमीन दुभंगावी असं नाही वाटलं, हे मी ठासून सांगते. मी तिथंच उभी राहिले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "अण्णा, जल्दी या, घंटा होईल." रशीदानं परत येऊन त्यांचं दुसरं पेन खाली पडलं होतं ते उचलून दिलं. शिपायानं हात काढला. पोरांचं हसणं थांबलं नाही, पण आम्ही तिघं त्यातून सरळ चालत गेलो.

पहिला पेपर मराठीचा होता. निबंधाच्या विषयांत एक विषय होता, माझे वडील. येताना मोटारीत मी विचारलं, कोणता निबंध लिहिला? अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझे वडील." मला हसू आलं. पन्नाशीचा माणूस, खिशाला पेन लावून, वडिलांवर निबंध लिहितो. मग मी विचारलं, काय लिहिलं? ते म्हणाले, ध्यानात न्हाई सगळं. पण रात्रीच्या जेवणाला मोठ्या बापूंनी विचारलं, पेपर कसा गेला, तेव्हा अण्णा म्हणाले, "दादांवर लिहिलं." दादा म्हणजे त्या दोघांचे वडील. बापूंना ठाऊक होतं, अण्णांची शाळा कोणी सोडवली ते.

"काय लिहिलं दादांवर?"

अण्णांनी सांगितलं. आवाज न चढवता, जसं लिहिलं तसं. "वडिलांनी माझा हात धरून मला शेतात नेले. मी मुलीचा हात धरून तिला शाळेत नेले. त्यांना माझ्या पोटाची काळजी होती, मला तिच्या पुढच्या आयुष्याची काळजी आहे. हात त्यांनीही सोडला नाही, मीही सोडणार नाही."

बापूंनी ताटात हात धुतला आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं रागावले. बऱ्याच वेळानं तिथूनच त्यांनी आईला हाक मारली आणि म्हणाले, "उद्या पोरांना सकाळचं दूध जादा दे. मोटारीत जीव जातोय." त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत रानातलं अण्णांचं काम त्यांनी एकट्यानं केलं, कोणाला न सांगता.

भूमितीचा पेपर अण्णांनी सगळ्यांत आधी संपवला. बाहेर आले ते खुशीत, आणि चार पावलं गेल्यावर एकदम थांबले. "कुसुम," ते म्हणाले, "मी मुतवाजी लिहिलं वाटतंय." कुठं? "प्रमेयात. सगळीकडं. हाताला सवय." तपासणारा कुठल्या गावचा असेल, त्याला तो शब्द कळेल का, की फुली मारेल, हा घोर त्यांनी निकालापर्यंत वागवला. रशीदा त्यांना समजवायची, "अण्णा, आकृती तो बराबर है ना, आकृती की क्या जबान रहती." त्यांना ते पटायचं आणि तरी झोप यायची नाही.

निकाल लागला त्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. मी पहिल्या वर्गात, रशीदा दुसऱ्या वर्गात. अण्णा नापास. इंग्रजीत गेले. पण हेडमास्तरांनी त्यांची गुणपत्रिका उलगडून भूमितीच्या रकान्यावर बोट ठेवलं तेव्हा अण्णांनी तो आकडा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. गुण माझ्याहून जास्त होते. कोण्या तपासणाऱ्यानं, कुठं बसून, त्या शब्दाला बरोबरची खूण केली होती. तो कोण असेल, त्याच्याही बापानं उर्दूत गणित केलं असेल का, याचा विचार मी अजूनही करते.

मला वाटलं आता विषय संपला. माझं आणि रशीदाचं अंबडच्या ज्युनियर कॉलेजात नाव घातलं होतं, आता दोघींनाच मोटारीनं जाऊ द्यायला घर तयार होतं, त्यामुळे अण्णांना संगं येण्याचं कारण उरलं नव्हतं. पण ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म मोठ्या बापूंनी आणला. अण्णांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "एका विषयासाठी अर्धवट कामून सोडतो?" आणि इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी स्वतः त्यांच्याबरोबर अंबडला गेले. पेपर चालू होता तोवर फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिले. एका पालकानं त्यांना विचारलं म्हणे, मुलाचा पेपर का मुलीचा? बापू म्हणाले, "धाकट्या भावाचा."

अण्णा त्या खेपेला इंग्रजीत सुटले, अगदी काठावर. युसूफचाचांनी त्यांना नवी गादी भरून दिली, गावात पेढे बापूंनी वाटले, आणि न्हाव्याच्या दुकानात आता लोक मुलांच्या अभ्यासाचं अण्णांना विचारू लागले. ओट्यावर संध्याकाळी पोरं बसायला लागली, मुली जास्त. आमच्यानंतर दरवर्षी गावातून मुली दहावीला बसत गेल्या. रशीदा पुढं नर्स झाली, आज बीडला असते, आणि फोनवर मला अजून विचारते, क्या गे काकरी, कैसी है.

मी नोकरीला लागल्यानंतरची गोष्ट. सुट्टीत घरी आले होते आणि जनगणनेचे गुरुजी आले. तरुण होते, बाहेरगावचे. ओट्यावर बसून एकेकाचं नाव, वय विचारत होते. अण्णांना विचारलं, शिक्षण? अण्णा संकोचले. वय झालं होतं, एवढ्या वर्षांनी ते सांगणं त्यांना मिरवण्यासारखं वाटलं असेल. म्हणाले, "लिहा, लिहिता-वाचता येतंय."

आई आतून आली. हाताला पीठ तसंच. "लिहिता-वाचता काय," ती गुरुजींना म्हणाली. "दहावी पास लिहा. बराबर लिहा. जिऑमेट्रीत पोरीच्या वर होते." जिऑमेट्री हा शब्द ती कधी शिकली, मला ठाऊक नाही.

गुरुजी हसले, लिहिलं, आणि विचारलं, "आणि काकू, तुमचं?"

आई लगेच मागं सरली. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. ती काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "तिचं लिहा, दोन वेळा दहावी. एकदा पोरीची केली, एकदा नवऱ्याची केली."

गुरुजींनी पेन वर धरलं. त्यांना वाटलं माणूस थट्टा करतो. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लिहा, गुरुजी. मी वाट बघतो."